एक दात कमी

आता सगळे विचारतात, त्या गाण्याची गोष्ट सांगा.
सिद्धेश पुण्यात बसून सांगतो, दर वेळी वेगळी :
कधी एक मुलगी, आरपीडीच्या कट्ट्यावरची,
कधी सीमा, कधी एकोणीसशे छप्पन,
कधी नुसताच गॉगल लावून गप्प बसतो
आणि तेच लोकांना सर्वांत खरं वाटतं.

मी बेस वाजवायचो.
बेसवाल्याला कुणी विचारत नाही,
म्हणून मी सांगतो.

वडगावात, पाण्याच्या टाकीमागं,
ईरण्णाच्या घरात खाली माग, माळ्यावर आम्ही.
भाडं नको, म्हणाली होती निंगव्वा,
फक्त माग बंद कर म्हणू नका.
खाली साडी विणली जायची, वर आम्ही बोंबलायचो
आणि रोज जिंकायचा माग.
ऑस्विन अ‍ॅम्प वाढवायचा, लाईट जायची,
तरी माग कानात चालूच.

त्या मागाच्या एका चाकाचा एक दात तुटलेला.
खटाक खट, खटाक खट, खटाक
आणि मध्येच खड्डा,
जिना उतरताना अंधारात
नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तसा.
नवं चाक इचलकरंजीहून येणार होतं.
चार वर्षं येणारच होतं.

ईरण्णाला सरळ ताल कधी बसलाच नाही.
त्या खड्ड्यापाशी काठी हवेत थांबायची आपोआप.
आम्ही शिव्या घातल्या, मेट्रोनोम लावला,
शेवटी कंटाळून त्याच्याच मागं गेलो
तिघंही, लंगडत.

आणि शब्द?
दुपारी तीनला निंगव्वा जिन्याखालून ओरडायची,
मागाच्या वरताण :
ऊटा आत?
जेवलासा काय रे, एवढंच.
उत्तर तिला ऐकू यायचं नाही,
तीस वर्षं मागापाशी, कान कधीच गेलेले.
म्हणून परत विचारायची. परत.
एक दिवस सिद्धेशनं वैतागून
तेच माईकमध्ये ओरडलं, तिच्याच सुरात, चारदा.
आम्ही हसलो. हसता हसता वाजवत राहिलो.
फोन रेकॉर्डिंगवर होता.

झालं. एवढंच गाणं.

बंगळुरात दहा हजार पोरं हात वर करून विचारतात, ऊटा आत?
कोल्हापुरातही विचारतात, कन्नडचा क न येणारी.
कुणी लिहिलं, हा भुकेचा जाहीरनामा.
कुणी लिहिलं, तो खड्डा म्हणजे दोन राज्यांमधली जागा.
सुरुवातीची घरघर कुठल्या पेडलची, म्हणून
ऑस्विनला अजून मेसेज येतात.
मराठीत का नाही, म्हणून एकानं झापलं,
असलं गावठी कन्नड का, म्हणून दुसऱ्यानं.

माग गेल्या दिवाळीत गेला. भंगारात, किलोवर.
ते चाक काही वेगळं तोललं नाही कुणी.
ईरण्णा उद्यमबागेत, फाउंड्रीत, रात्रपाळीला.
वाजवत नाही.
हात टेकायला काही उरलं नाही, म्हणतो.

परवा पैसे द्यायला गेलो, माझ्या वाट्यातले.
निंगव्वानं गाणं कधी ऐकलंच नव्हतं,
ऐकणार कसं?
मी स्पीकर तिच्या मांडीवर ठेवला.
तिनं दोन्ही तळवे पसरून त्यावर टेकवले,
पोत बघतात तसे.
बराच वेळ काही नाही.
मग तिची बोटं थांबली. पुन्हा थांबली,
बरोबर तिथंच.

"दात बसवून घेतला नाही अजून?"
मोडक्या मराठीत, माझ्यासाठी.
मी मान हलवली.
रागावली. असं चालवलं तर सूत तुटतं, म्हणाली,
सगळं कापड वाया जातं, कोण घेणार ते?

मग विचारलंच.
मी तोंड मोठं उघडून, तिला दिसेल असं, म्हणालो,
आत, अव्वा, आत.
खोटं. सकाळपासून चहावर होतो.
तिला तोंडावरूनच कळलं.
उठली, भाकरीचं पीठ काढायला,
आणि स्पीकर खाली ठेवण्याआधी
पदरानं पुसला.